केवायसीशिवाय पीटूपी बिटकॉइन : कोल्हापुरात बसून दहा महिने वापरल्यावर

रंकाळ्यावर शेंगदाण्याची पुडी घेतली होती, शेंगदाणे संपल्यावर सवयीनं कागद उलगडून बघितला तर आत कुणाच्यातरी आधारची झेरॉक्स. फोटो, जन्मतारीख, घर नंबरासकट पत्ता, सगळं. तेलाचा डाग पडलेला पण आकडे स्पष्ट वाचता येत होते. त्या माणसानं कधीतरी कुठंतरी सिमकार्डाला नाहीतर कर्जाला ती झेरॉक्स दिली असणार, आणि ती फिरत फिरत माझ्या हातात. फाडून टाकली, पण डोक्यातनं गेली नाही. त्याच आठवड्यात बिटकॉइन विकणाऱ्या एका एक्सचेंजचं ॲप उघडून बसलो होतो आणि ते आधार, पॅन, वर सेल्फी, डावीकडं बघा उजवीकडं बघा म्हणत होतं. तिथंच बंद केलं.

हे झालं सप्टेंबर 2024 मध्ये. मी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये सीएनसीचं प्रोग्रॅमिंग करतो, पगारी माणूस, महिन्याला तीन-चार हजार बाजूला टाकायचे एवढाच विषय, ट्रेडर वगैरे अजिबात नाही. त्यामुळं हे वाचताना लाखांचे आकडे शोधू नका.

तर ओळखपत्राशिवाय (म्हणजे केवायसीशिवाय) माणसानं थेट माणसाकडनं (म्हणजे पीटूपी) बिटकॉइन घ्यायचं हा प्रकार काही नवा नाही. फिनलंडचं लोकलबिटकॉइन्स 2012 पासनं हेच करत होतं, पण 2019 मध्ये त्यांनी समोरासमोर रोखीच्या जाहिराती काढून टाकल्या, ओळखपत्रं मागायला लागले आणि फेब्रुवारी 2023 मध्ये दुकानच बंद केलं. मोनेरो नावाचं दुसरं एक कॉइन आहे, त्यांचं लोकलमोनेरो 2024 मध्ये गेलं. कंपनी म्हटलं की तिला पत्ता असतो आणि पत्ता असला की नोटीस येते, सरळ आहे. मग जे उरलं ते कंपनी नसलेलं, म्हणजे बिस्क आणि रोबोसॅट्स. मी दोन्ही वापरली.

बिस्क लॅपटॉपवर टाकायचं सॉफ्टवेअर आहे, सगळी वाहतूक टॉरमधून, म्हणजे तुम्ही कुठनं बोलताय ते लपवणाऱ्या नेटवर्कमधून जाते, मध्ये कुणाचा सर्व्हर नाही की तुमचे पैसे धरून बसणारं कुणी नाही. विकणारा त्याचं बिटकॉइन आणि दोघंही आपापलं डिपॉझिट एका अशा पत्त्यावर ठेवतात की तो उघडायला दोघांच्या सह्या लागतात. दोन किल्ल्यांची तिजोरी समजा, एक तुझ्याकडं एक माझ्याकडं, रुपये पोचले की दोघांनी मिळून उघडायची. कुणी नाटक केलं तर त्याचं डिपॉझिट अडकतं, म्हणून सहसा कुणी करत नाही. रोबोसॅट्स त्यापेक्षा हलकं, टॉर ब्राउझरमध्ये उघडतं, खातं नाही नाव नाही, एक लांबलचक टोकन देतं आणि त्यावरनं एक रोबोटचं चित्र आणि नाव बनतं, तोच तुमचा अवतार. व्यवहार संपला की रोबोट टाकून द्यायचा, पुढच्या वेळी नवा. हे लायटनिंगवर, म्हणजे बिटकॉइनच्याच झटपट पाठवायच्या जाळ्यावर चालतं त्यामुळं मिनिटाचं काम, आणि तिथंही दोघांनी तीन टक्क्यांच्या आसपास बाँड, म्हणजे डिपॉझिटच, लावायचा.

आता गंमत बघा. बिटकॉइन विकत घ्यायला आधी बिटकॉइन लागतं. डिपॉझिट आणि फी बिटकॉइनमध्येच असल्यामुळं पहिल्यांदा येणारा माणूस दारातच अडकतो. मला पुण्याच्या एका कॉलेजच्या मित्रानं थोडे साट्स पाठवले म्हणून सुरुवात झाली (एका बिटकॉइनचे दहा कोटी साट्स, त्यामुळं चिल्लर द्यायला अडचण नाही). ज्याला असला मित्र नाही त्यानं काय करायचं याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

खरेदीचा अनुभव एकूणात चांगला, हे आधीच सांगतो कारण पुढं शिव्या आहेत. दहा महिन्यांत तेवीस खरेद्या केल्या, त्यातल्या बावीस सुरळीत. रुपयातल्या ऑफरीच मुळात कमी असतात, कधी दोन दिवस एकही नाही, आणि असतात त्या बाजारभावापेक्षा सहा ते नऊ टक्के चढ्या. म्हणजे चार हजाराच्या खरेदीला तीनशे रुपये असेच गेले, तीन-चार मिसळींचे पैसे. पहिले दोन महिने हे टोचायचं, नंतर झेरॉक्स न देण्याची किंमत म्हणून सोडून दिलं. एकदा एका विकणाऱ्यानं यूपीआयनं पैसे घेतले आणि गायबच झाला, भांडण झालं तर निवाडा करायला असतो त्या मध्यस्थाला बोलवायला लागलं, दोन दिवस चॅटमध्ये स्क्रीनशॉट आणि यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा क्रमांक) देत बसलो. तो शेवटी उगवला, म्हणे गावाकडं यात्रा होती, रेंज नव्हती. खरं असेलही, आमच्याकडं जोतिबाच्या यात्रेत माझाच फोन लागत नाही.

पण एक गोष्ट मला तिसऱ्या-चौथ्या व्यवहाराला कळली आणि तेव्हाच नीट विचार करायला पाहिजे होता. वडगावच्या जनावरांच्या बाजारात जुनी माणसं रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायची. भाव झाकलेला, पण बैल कुणी विकला आणि कुणी घेतला हे अख्ख्या बाजाराला दिसतंय. इथं नेमकं उलटं. भाव सगळ्यांना दिसतो आणि माणूस रुमालाखाली. आणि तो रुमालसुद्धा अर्धाच, कारण रोबोट वगैरे सगळं ठीक आहे हो, पण पैसे यूपीआयनं पाठवले की समोरच्याच्या मोबाइलवर माझं वडिलांसकट पूर्ण नाव, आणि माझ्या मोबाइलवर त्याचं. बँकेकडं तर दोघांची कुंडलीच. म्हणजे केवायसी नाही नाही म्हणतो ती फक्त बिटकॉइनच्या बाजूला नाही, रुपयाच्या बाजूला ती आधीच झालेली आहे.

याचा झटका बसायची सुरुवात जानेवारीत झाली. डिसेंबर 2024 मध्ये बिटकॉइन पहिल्यांदा एक लाख डॉलरच्या वर गेलं, म्हणजे पंच्याऐंशी लाखाच्या आसपास, चहाच्या टपरीवर पण तीच चर्चा, आणि इकडं घरच्या बोअरची मोटर जळली. म्हटलं एवढं वाढलंय तर थोडं विकू, अठरा हजाराचं. घेणारा लगेच मिळाला. पैसे पाच मिनिटांत आले, पण व्यवहारात दिलेलं नाव एक आणि पैसे आलेल्या खात्याचं नाव दुसरंच, बाईचं. विचारलं तर म्हणाला बहिणीचं खातं आहे. इथं थांबायला पाहिजे होतं. नाव जुळलं नाही तर बिटकॉइन सोडायचं नाही, मध्यस्थाला बोलवायचं, हा पहिला नियम, मला माहीत होता, वाचलेला होता. पण खाली प्लंबर मोटर घेऊन उभा आणि आई वरनं हाका मारतेय. सोडलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पेट्रोल पंपावर यूपीआय फेल. दोनदा, तीनदा. बँकेत गेलो तर काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "तुमच्या खात्याला डेबिट फ्रीज आहे, वरनं आलंय." म्हणजे खात्यातनं पैसे काढता येणार नाहीत. वरनं म्हणजे कुठनं ते त्यांना सांगता येईना, अर्ध्या तासानं एक तक्रार क्रमांक मिळाला, दुसऱ्या राज्यातल्या एका सायबर सेलचा. झालेलं असं की कुणालातरी ऑनलाइन फसवलं, त्या माणसानं 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करून तक्रार केली, आणि त्याचे पैसे ज्या ज्या खात्यातनं पुढं गेले ती सगळी खाती साखळीनं गोठवली. चोरानं चोरीचे पैसे मला दिले आणि माझ्याकडनं स्वच्छ बिटकॉइन घेऊन गेला. तो रुमालाखाली, मी उघडा. वादातले अठरा हजार, पण अडकलं अख्खं खातं, त्यात पगाराचे एकसष्ट हजार.

पुढचे दोन महिने काय सांगू. पगार मालकांनी रोखीत दिला, वर "कसल्या भानगडी करतोयस रे" हे ऐकवून. किराणावाल्या काकांनी वहीवर लिहून घेतलं, एका शब्दानं विचारलं नाही, त्यांचे उपकार आहेत. सायबर सेलला मेलवर मेल. त्यांनी काय मागितलं असेल? आधार. पॅन. सहा महिन्यांचं स्टेटमेंट. व्यवहाराच्या चॅटचे स्क्रीनशॉट, बिटकॉइन गेल्याचा ट्रान्झॅक्शन आयडी, आणि हे सगळं तुम्हीच केलंत याचं सही केलेलं पत्र. लक्ष्मीपुरीत झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून त्याच आधारच्या चार झेरॉक्स काढल्या, आणि उरलेल्या दोन मात्र घडी घालून खिशात घातल्या, दुकानात सोडल्या नाहीत.

एप्रिलमध्ये खातं मोकळं झालं, पण अठरा हजारांवर लीन तसाच, म्हणजे तेवढी रक्कम खात्यात दिसते पण हात लावता येत नाही. तो अजूनही आहे. व्यवहाराचं सगळं रेकॉर्ड जपून ठेवलं होतं म्हणून एवढ्यावर सुटलो असं एका ओळखीच्या वकिलांचं म्हणणं. मी सांगतो ते ऐका, चॅट डिलीट करू नका, गोपनीयता गोपनीयता म्हणून सगळं पुसून टाकणारे असतात त्यांना अशा वेळी दाखवायला काहीच उरत नाही.

टॅक्सचं पण बघा, कारण केवायसी नाही म्हणजे टॅक्स नाही असं समजणारे लई जण भेटले. शाहूपुरीतल्या माझ्या टॅक्सवाल्यांनी स्वच्छ सांगितलं, एप्रिल 2022 पासनं नफ्यावर सरसकट 30 टक्के आणि वर सेस, एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यात वजा होत नाही. जुलै 2022 पासनं एक टक्का टीडीएस, आणि पीटूपीमध्ये तो कापायची जबाबदारी घेणाऱ्याची. माझ्यासारख्या पगारदाराला वर्षाला पन्नास हजारापर्यंत कापायला लागत नाही, त्याच्या वर गेलं की विकणाऱ्याचा पॅन मागायला लागतो. आता रोबोटला पॅन कुठनं मागणार? म्हणून मी वर्षाचा आकडा पन्नासच्या आतच ठेवतो, आणि त्या अठरा हजाराच्या विक्रीवरचा नफा यंदा दाखवतोय, आयटीआर-1 मध्ये ते चालत नाही, आयटीआर-2 भरायला लागतोय. पैसे अडकलेले आणि टॅक्स भरायचा, नाद खुळा.

टेलिग्रामवरच्या युएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन) वाल्यांबद्दल दोनच ओळी. एकदा सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या एका हॉटेलात रोखीत द्यायघ्यायला बोलवलं होतं. गेलो, चहा प्यायलो, बॅग बघितली आणि उठलो. तिथं ना डिपॉझिट ना दोन किल्ल्या, आणि नाव सेम असलेलं खोटं कॉइन पाठवून टोपी घालणारे आहेत ते वेगळेच.

सध्या माझं असं चाललंय : फक्त खरेदी, विक्री बंद. पगाराच्या खात्यातनं एक रुपया नाही, दुसऱ्या बँकेत वेगळं खातं, त्यात महिन्याला लागतील तेवढेच पैसे. ज्या विकणाऱ्यांशी आधी नीट व्यवहार झालेत तेच दोघं-तिघं, मग भाव दोन टक्के जास्त असला तरी चालतंय. बिस्कमध्ये एप्रिल 2020 मध्ये एकदा चोरी झाली होती, तीन बिटकॉइन आणि चार हजार मोनेरो गेले होते, म्हणून घेतलं की लगेच माझ्या वॉलेटमध्ये काढून घेतो. त्या वॉलेटची किल्ली असलेले बारा शब्द कागदावर, कागद कुठं आहे ते आईलापण माहीत नाही, हे बरोबर का चूक ते ठरवतोय.

परवा वर्कशॉपमधला लेथवरचा पोरगा मागं लागला, "दादा मला पण शिकवा की, आधार न देता होतंय म्हणे." म्हटलं शिकवतो, आधी पगाराचं सोडून दुसऱ्या बँकेत एक वेगळं खातं उघडून ये. तर म्हणतोय, "खातं उघडायला आधार लागतंय न्हवं?"

व्हय, म्हटलं.