अल्कोहोल इंटरलॉक, वापरानंतर: लॉक चोख, कॅलिब्रेशनची मात्र बोंब

चालकाने फुंकलं, रीडिंग शून्य आलं, तरी सेल्फ लागत नाही. स्क्रीनवर एकच शब्द, 'सर्व्हिस'. ही स्क्रीन अल्कोहोल इंटरलॉकची, म्हणजे चालकाच्या फुंकेतलं अल्कोहोल मोजून ते जास्त असेल तर गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्राची. कॅलिब्रेशनची, म्हणजे माहीत प्रमाणाच्या अल्कोहोलवर रीडिंग जुळवून घेण्याची, तारीख उलटली की हे युनिट आठवडाभर पिवळा दिवा दाखवतं आणि मग गाडी जागेवर बांधून ठेवतं. पुरवठादाराचा तंत्रज्ञ मुंबईहून यायचा होता, तो 'उद्या नक्की' म्हणत राहिला आणि नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या पहिल्या पाळीची बस यार्डातच अडकली. म्हणून हे लिहायला घेतलं. युनिट पावसाळ्याच्या तोंडावर बसवली, आता द्राक्षांचा हंगाम उतरत आलाय. कामगारांच्या बस २४ व्होल्टच्या, माल वाहणाऱ्या पिकअप १२ व्होल्टच्या, दोन्हींवर फ्युएल सेल सेन्सरचं एकच मॉडेल आहे.

आपल्याकडे याची सक्ती नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ म्हणतं, १०० मिली रक्तात ३० मिग्रॅपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. शिक्षा झालेल्याच्या गाडीला इंटरलॉक लावा, असं त्या कलमात कुठेही नाही. अमेरिकेत सगळ्या ५० राज्यांत असा कायदा आहे, आणि पहिल्याच गुन्ह्यापासून सगळ्या दोषींना सक्ती करण्यात न्यू मेक्सिको २००५ साली सर्वांत पुढे होतं. खर्च दोषी चालकाने करायचा: बसवायला साधारण ७० ते १५० डॉलर, भाडं महिन्याला ६० ते ८० डॉलर. यंत्राने गाडी अडवायची मर्यादा साधारण २० मिग्रॅ. महिन्या-दोन महिन्यांनी गाडी सर्व्हिस सेंटरला न्यायची, तिथे नोंदी उतरवून घेतात, कॅलिब्रेशन करतात, सील बघतात. तारीख चुकवली तर लॉक, आणि शेवटचे काही महिने नोंदी स्वच्छ नसतील तर बऱ्याच राज्यांत मुदत वाढते. यंत्र गाडीत असेपर्यंत पुन्हा पकडलं जाण्याचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने घटतं, काढलं की तो फायदा ओसरतो. फ्रान्समध्ये तर १ सप्टेंबर २०१५ पासून सगळ्या प्रवासी कोचना इंटरलॉक लागतं, चालक दोषी असो वा नसो. या सगळ्या योजनांचा भार ठरलेल्या तपासणीवर आहे. आपल्याकडे डबा तोच येतो, त्याच्यामागची सर्व्हिस येत नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

कॅलिब्रेशन का लागतं? फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनमच्या दोन पत्र्यांमध्ये आम्लाने भिजलेला थर असतो. फुंकेतल्या अल्कोहोलचं तिथे ॲसेटिक ॲसिड होतं आणि जो करंट निघतो तो मोजला जातो. आपल्या उन्हाळ्यात बंद केबिन भट्टीसारखी तापते, थर सुकत जातो, सेल म्हातारा होतो आणि बहुतेक वेळा कमी दाखवायला लागतो. म्हणजे कॅलिब्रेशन चुकलेलं युनिट हळूहळू सैल पडतं, आणि ३० वाला माणूस २४ म्हणून सुटू शकतो. त्यामुळे लॉकची कल्पना मला पूर्ण पटते. संताप आहे तो लॉक लावून किल्ली मुंबईत ठेवण्यावर. बिलात कॅलिब्रेशनच्या गॅसपेक्षा तंत्रज्ञाचा प्रवासखर्च मोठा असतो आणि तरीही तो वेळेवर येत नाही.

तंत्रज्ञ आल्यावरही डोळे उघडे ठेवावे लागतात. कॅलिब्रेशन दोन पद्धतींनी होतं. एक ओली पद्धत: बरणीत मोजून केलेलं अल्कोहोलचं पाणी, ३४ अंश सेल्सियसवर तापवलेलं, त्यातून हवा जाऊन युनिटमध्ये येते. दुसरी सुक्या गॅसची, छोट्या सिलिंडरमधून. आपल्याकडे येणारे सिलिंडरच आणतात, कारण ते बॅगेत मावतं. पण सिलिंडरवरचा आकडा समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला धरून छापलेला असतो. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, इथे दाब सहा ते सात टक्के कमी. ४० छापलेला गॅस इथे खरा ३७ च्या आसपास असतो. तंत्रज्ञाने युनिटला '४०' सांगितलं की त्या दिवसापासून युनिट तेवढंच चढून दाखवतं, आणि खरा २८ असलेला माणूस ३० दिसतो. शून्यावर असलेल्या चालकाला याची झळ नाही. काठावर सापडलेल्याच्या मात्र रोजगाराचा प्रश्न असतो. हवेचा दाब मोजून दुरुस्ती केली का, हे विचारा आणि त्या दिवसाचा दाब पावतीवर लिहून घ्या. चांगल्या किटमध्ये दाबमापक असतो, तो चालू करायला आळस करतात.

आता जे आवडलं ते. सुरुवातीला माझं मत होतं की हे यंत्र रात्रीच्या गाड्यांसाठी आहे. नोंदी बघितल्यावर ते पार बदललं. बहुतेक अडवणूक पहाटे होते, साडेचार ते साडेसहाच्या मध्ये. हिशेब साधा आहे. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे सुमारे ६१ ग्रॅम. ७० किलोच्या माणसाच्या रक्तात ते १३० मिग्रॅच्या जवळ जातं आणि तासाला साधारण १५ ने उतरतं. रात्री अकराला संपवलेली क्वार्टर पहाटे पाचला ३० च्या वरच असू शकते. माणूस झोपून उठलेला, आंघोळ केलेला, चहा घेतलेला, त्याला स्वतःला काहीच जाणवत नाही. पोलिसांची नाकाबंदी रात्री असते, या वेळेला कुणी विचारत नाही. फक्त एवढ्या एका गोष्टीसाठी युनिटचे पैसे मी योग्य मानतो.

खोट्या रीडिंगची ओरड फार होते. त्यातली खरी किती, ते पंधरा मिनिटांत कळतं. खोकल्याचं औषध, होमिओपॅथीचे थेंब, माउथवॉश, द्राक्षासव किंवा दशमूलारिष्ट घेतल्यावर तोंडात अल्कोहोल राहतं आणि रीडिंग एकदम चढतं. पाण्याने दोनदा चुळा भरायच्या, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा फुंकायचं. ६० वरून सरळ शून्यावर आलं तर ते तोंडातलं होतं. ६० वरून ५६ वर आलं तर ते रक्तातलं आहे, आणि 'औषध घेतलंय' हे कारण तिथेच संपतं. दोन्ही रीडिंग नोंदीत राहतात, वादाला जागा उरत नाही. मधुमेही चालकांच्या श्वासातला ॲसिटोन फ्युएल सेलला चालतो, स्वस्त सेमीकंडक्टर सेन्सर मात्र त्याने फसतो. पैसे वाचवायला तो घेऊ नका. खरा घोळ सॅनिटायझरचा. पुढच्या पाळीचा माणूस स्वच्छता म्हणून नळीला सॅनिटायझर लावतो आणि लगेच फुंकतो, मग लॉक होणारच. नळी कोमट साबणाच्या पाण्याने धुवायची आणि पूर्ण वाळवायची, स्पिरिट अजिबात नाही.

नळीबद्दल आणखी एक. तंबाखू तोंडात ठेवून फुंकलं की चुना आणि लाळ आत जाते, दाबाचं भोक बुजतं आणि युनिट 'फुंक अपुरी' म्हणत राहतं. लाळ अडवणारी जाळीची नळीच मागवा, आणि प्रत्येक चालकाची नळी वेगळी, नाव घालून. बिडी-सिगारेट ओढल्यावर निदान पाच मिनिटं थांबायला लावा, धूर सेल खराब करतो. फुंकायची पद्धतही शिकवावी लागते: खोल श्वास, चार-पाच सेकंद एकसारखी फुंक, शेवटी सांगितलं असेल तर 'हम्म' असा आवाज. फुग्याने किंवा पंपाने फसवू नये म्हणून तो आवाज आहे. दमेकऱ्याला हवेचं प्रमाण पुरत नाही, ते सेटिंगमध्ये कमी करता येतं, पण तेही तंत्रज्ञाच्याच हातात.

वायरिंगवर गॅरेजवाल्याच्या भरवशावर राहू नका. इंटरलॉकच्या रिलेमधून (विजेवर चालणारा स्विच) सेल्फच्या सोलेनॉइडची फक्त कंट्रोल वायर जायला हवी. जाड वायर त्यातून नेली तर रिलेचे पॉइंट चिकटतात आणि मग न फुंकता गाडी सुरू होते. सप्लाय थेट बॅटरीवरून, स्वतंत्र फ्यूज घालून. अर्थ रंगवलेल्या पत्र्यावर नको, घासून उघड्या केलेल्या लोखंडावर हवा. बॅटरी जुनी असेल तर सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळतं, युनिट रीसेट होतं आणि नोंदीत 'सप्लाय तोडला' असा छेडछाडीचा शेरा पडतो. चालक निर्दोष असून अडकतो. असे शेरे दिसले की आधी बॅटरी तपासा, मग माणूस. सुट्टीत चार-पाच दिवस गाडी उभी राहिली तर युनिटच बॅटरी उतरवतं, तेव्हा बॅटरीचं टर्मिनल काढण्यापूर्वी पुरवठादाराला कळवून ठेवावं. धक्का मारून गाडी सुरू केली तरी सुटका नाही: अल्टरनेटरचं व्होल्टेज वाढलेलं दिसतं आणि फुंक नसते, तेव्हा 'विनाचाचणी स्टार्ट' अशी नोंद होते.

थंडीत निफाडच्या बाजूला मुक्काम असलेल्या गाडीवर हँडसेट, म्हणजे हातात धरून फुंकायचा भाग, तापायला खूप वेळ लागतो, चालकाचा धीर सुटतो. उपाय एकच, हँडसेट रात्री काढून घरात ठेवायचा. प्लग निघणारं मॉडेल आहे म्हणून हे जमतं.

गाडी चालू असताना युनिट मधेच बझर वाजवून पुन्हा फुंकायला लावतं, त्या फेरचाचणीला माझा विरोध होता. कसारा घाटात बझर वाजला तर चालक हँडल सांभाळेल की नळी? प्रत्यक्षात उत्तर द्यायला काही मिनिटं मिळतात, चालकाने गाडी बाजूला घेऊन फुंकायचं. इंजिन चालत्या गाडीत कधीच बंद होत नाही. चाचणी चुकली तर हॉर्न आणि दिवे सुरू होतात, एवढंच. ढाब्यावर जेवायला थांबून 'थोडीशी' घेणाऱ्याला हीच चाचणी पकडते, स्टार्टची चाचणी नाही, कारण तेव्हा इंजिन चालूच ठेवलेलं असतं. विरोध मागे घेतला. गाडी बंद पडली तर ठरावीक मिनिटांत फुंकल्याशिवाय पुन्हा सुरू होते, नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत हे फार उपयोगी आहे. ही मुदत कमीत कमी ठेवा, नाहीतर पुढच्या स्टॉपवर तीच पळवाट होते.

खरेदीच्या ऑर्डरवर तीन गोष्टी लिहून घ्या: कॅलिब्रेशनला तंत्रज्ञ किती दिवसांत येणार, उशीर झाला तर लॉकची तारीख पुढे ढकलणारा कोड कोण आणि किती तासांत देणार, आणि वायरिंगमुळे गाडीच्या वॉरंटीवर परिणाम नाही याचं वाहन विक्रेत्याचं पत्र. अंबड-सातपूरमध्ये ज्यांच्याकडे ही युनिट आहेत त्यांनी कॅलिब्रेशन एकाच तारखेला ठेवलं तर प्रवासखर्च वाटला जातो आणि ओल्या पद्धतीची बरणी आणायलाही तंत्रज्ञ तयार होतो. आणीबाणीचा ओव्हरराइड कोड मिळाला तर तो चालकाकडे देऊ नका, पाळीच्या सुपरवायझरकडेही नको. बस वेळेवर सोडायचा दबाव सर्वांत जास्त त्याच्यावरच असतो. कोड ऑफिसच्या एकाच फोनवर ठेवा, आणि तो वापरला की कारण, वेळ आणि त्याआधीचं रीडिंग त्याच दिवशी वहीत उतरवा.