फॅमिली की ॲक्यूट केअर, मास्टर्स की डॉक्टरेट: अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर होऊ इच्छिणाऱ्या परिचारिकांसाठी

महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंग करून, एनक्लेक्स ही अमेरिकेतील परिचारिका-परवान्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन अमेरिकेतील रुग्णालयात चार-पाच वर्षे काढलेल्या परिचारिकेच्या मनात पुढच्या शिक्षणाचा विचार आला, की नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे रुग्ण तपासून निदान करणारी आणि औषधे लिहून देणारी उच्चशिक्षित परिचारिका, हे नाव हटकून पुढे येते. चौकशीची सुरुवात मात्र बहुतेक जणी विद्यापीठापासून करतात: कोणते चांगले, कोणते स्वस्त, कोणते ऑनलाइन. माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. आपल्याला कोणत्या वयाचे आणि किती आजारी रुग्ण पाहायचे आहेत, हे आधी ठरले पाहिजे. प्रवेश, क्लिनिकल तास (रुग्णांबरोबरच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे तास), परीक्षा आणि परवाना हे सारे त्या एका उत्तराला बांधलेले असते.

याचे कारण या व्यवसायाच्या रचनेत आहे. १९६५ मध्ये कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा विषय एकच होता, मुलांचे आरोग्य. पुढे शाखा वाढल्या, राज्याराज्यांचे नियम वेगळे झाले, आणि २००८ मध्ये सर्वांसाठी एक आदर्श आराखडा ठरवण्यात आला. त्यानुसार प्रत्येक नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण, प्रमाणपत्र आणि परवाना हे तिन्ही विशिष्ट रुग्णगटाशी जोडलेले असतात. असे गट सहा आहेत: कुटुंब, प्रौढ व वृद्ध, बालक, नवजात, स्त्रीआरोग्य आणि मानसिक आरोग्य. त्यांतील प्रौढ व बालक या गटांत पुन्हा प्राथमिक आणि तीव्र उपचार, म्हणजे ॲक्यूट केअर, अशा दोन वाटा आहेत. एका वाटेने पदवी घेऊन दुसऱ्या वाटेचे काम करता येईल, ही समजूत महागात पडते. चूक दुरुस्त करायची तर पदव्युत्तर प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम, नवे क्लिनिकल तास आणि नवी परीक्षा यांतून पुन्हा जावे लागते.

फॅमिली आणि ॲक्यूट केअर

आपल्याकडच्या परिचारिकांपुढे खरी निवड बहुधा या दोन वाटांतच असते. फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत सर्व वयांचे रुग्ण पाहते, परंतु ते प्राथमिक उपचारांच्या पातळीवर: मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, लसीकरण, सर्दीखोकला, नियमित तपासण्या. प्रौढ व वृद्धांसाठीची ॲक्यूट केअर नर्स प्रॅक्टिशनर मुले पाहत नाही. पौगंडावस्थेपासून पुढच्या वयाचे, अस्थिर किंवा गुंतागुंतीचे आजार असलेले रुग्ण हे तिचे क्षेत्र. अतिदक्षता विभाग, हृदयरोग विभाग, शस्त्रक्रियेनंतरचे वॉर्ड आणि रुग्णालयातील डॉक्टरांच्या चमूबरोबरचे काम तिच्या वाट्याला येते.

अमेरिकेतील दहापैकी सुमारे सात नर्स प्रॅक्टिशनरकडे फॅमिलीचे प्रमाणपत्र आहे, आणि त्याचे कारण उघड आहे: ही वाट सर्वांत रुंद आहे. दवाखाने, अर्जंट केअर, शाळा, विद्यार्थी आरोग्य केंद्रे, ग्रामीण भाग, सगळीकडे ती चालते, आणि दिवसाची पाळी व सुटीचा शनिवार-रविवार मिळण्याची शक्यताही येथेच अधिक. परंतु ‘फॅमिली केले की सगळीकडे चालते’ हे वाक्य जसे ओळखीपाळखीत फिरते, तसे ते पूर्ण खरे नाही. आराखड्यानुसार कार्यक्षेत्र इमारतीवरून ठरत नाही, रुग्णाच्या गरजेवरून ठरते. त्यामुळे फॅमिलीवालीने रुग्णालयात पाऊल ठेवू नये असे कोठे लिहिलेले नाही. तरीही व्हेंटिलेटरवरील रुग्णाचे व्यवस्थापन तिच्या शिक्षणात बसत नाही. टेक्साससारख्या राज्याचे नर्सिंग बोर्ड कार्यक्षेत्र शिक्षणावरूनच मोजते, आणि वर्षानुवर्षांच्या आयसीयू अनुभवाने ती मर्यादा ओलांडता येत नाही. आपत्कालीन विभागाची गोष्ट उलट आहे. तेथे सर्व वयांचे रुग्ण येत असल्याने फॅमिलीचे प्रमाणपत्र उपयोगी पडते, आणि त्यावर आपत्कालीन उपचारांचे वेगळे प्रमाणपत्रही घेता येते.

प्रवेशाच्या बाजूनेही फरक आहे. फॅमिलीसाठी अनेक संस्था आरएन, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका, म्हणून एखाद-दोन वर्षांचा कोणताही अनुभव पुरेसा मानतात. ॲक्यूट केअरसाठी बहुधा अतिदक्षता विभागाचा अनुभव मागितला जातो, आणि भारतातील आयसीयूची वर्षे त्यात धरली जातील का, हे अर्जापूर्वी लेखी विचारून घ्यावे. नवजात बालकांच्या वाटेला तर एनआयसीयूतील (नवजात अतिदक्षता विभागातील) दोन वर्षांशिवाय क्लिनिकल शिक्षणच सुरू होत नाही. मानसिक आरोग्याची वाट सध्या अनेकींना खुणावते. तिच्यात सर्व वयोगट येतात आणि दूरस्थ सल्ल्याचे कामही पुष्कळ असते. मात्र रुग्णाशी तासन् तास बोलण्याची, तेही त्याच्या बोलीतील बारकावे ओळखून बोलण्याची आवड नसेल, तर केवळ मागणी पाहून तिकडे वळू नये.

माझा कौल असा: ज्या परिचारिकेला आयसीयूतील वेग आवडतो तिने ‘पुढे कधीतरी लहान मुले पाहावी लागली तर’ अशा भीतीने फॅमिली निवडू नये, आणि रात्रपाळीला कंटाळून बाहेर पडू पाहणारीने ॲक्यूट केअरच्या प्रतिष्ठेला भुलू नये, कारण ती रात्रपाळी तिथेही तिची वाट पाहत असते.

मास्टर्स आणि डॉक्टरेट

नर्सिंग महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेने २००४ मध्ये ठराव केला, की २०१५ पर्यंत या पातळीचे शिक्षण डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस, म्हणजे डीएनपी, या पदवीवर न्यावे. ती मुदत उलटून गेली. नर्स प्रॅक्टिशनर शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या संघटनेने २०१८ मध्ये २०२५ हे नवे लक्ष्य ठेवले, तेही बंधनकारक ठरले नाही. भूल देणाऱ्या परिचारिकांच्या बाबतीत मात्र डॉक्टरेट सक्तीची झाली, आणि या दोन गोष्टींची सरमिसळ होऊन ‘आता डीएनपीशिवाय चालत नाही’ असा गैरसमज पसरला. प्रमाणन परीक्षा आजही मास्टर्सवर देता येते आणि मिळणारा परवानाही तोच असतो.

पूर्णवेळ मास्टर्सला साधारण दोन ते तीन वर्षे लागतात, बीएसएनवरून (नर्सिंगच्या पदवीवरून) थेट डीएनपीला तीन ते चार. डीएनपीसाठी पदवीनंतरचे एकूण १,००० प्रॅक्टिस तास आणि एक प्रकल्प पूर्ण करावा लागतो. नर्स प्रॅक्टिशनरच्या कोणत्याही अभ्यासक्रमात रुग्णांबरोबरचे किमान ७५० तास असावेत, असा दंडक २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनी घातला. पूर्वी तो ५०० होता. म्हणजे डीएनपीतील जास्तीचे काम मुख्यतः गुणवत्ता सुधारणा, धोरण आणि नेतृत्व यांचे असते. ज्यांना शिकवायचे आहे किंवा प्रशासनात जायचे आहे त्यांना ते उपयोगी आहे. जिला रुग्णच पाहायचे आहेत, तिने आधी मास्टर्स करून कमवू लागावे, डॉक्टरेट नंतरही करता येते.

पैशाचा हिशेबही याच बाजूला झुकतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीची ग्रॅड प्लस ही सरकारी कर्जयोजना १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद करण्याचा कायदा २०२५ मध्ये झाला. एच-वन बी (नोकरीच्या) किंवा एच-फोर (त्यावरील अवलंबितांच्या) व्हिसावर असलेल्यांना सरकारी कर्ज मुळातच मिळत नाही, ग्रीन कार्डधारकांना मिळते. याउलट रुग्णालयाकडून मिळणारी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची शिक्षण मदत करमुक्त असते, आणि नोकरी सांभाळून सावकाश केलेल्या मास्टर्सला तिचा फायदा अनेक वर्षे घेता येतो.

प्रवेशाआधी तपासायचे

जीएनएम झालेल्या परिचारिकेची पदविका बीएसएनच्या तोडीची धरली जात नाही. तिला आरएन ते बीएसएन किंवा आरएन ते एमएसएन (नर्सिंगमधील मास्टर्स) असा पूल ओलांडावा लागतो. बीएस्सी झालेलीने गुणपत्रकांचे मूल्यांकन करून घ्यावे. विद्यापीठ आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून थेट कागद मागवायचे असल्याने हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे. भारतात २०१७ च्या सुमारास सुरू झालेला क्रिटिकल केअरमधील नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेला असला, तरी त्यावर अमेरिकेतील परवाना थेट मिळत नाही.

ऑनलाइन आणि प्रत्यक्ष वर्ग यांच्या तुलनेत मला एकच मुद्दा निर्णायक वाटतो, तो प्रीसेप्टरचा, म्हणजे क्लिनिकल तासांत शिकवणाऱ्या मार्गदर्शकाचा. असा मार्गदर्शक संस्था स्वतः शोधून देते, की विद्यार्थिनीलाच दारोदार विचारत फिरावे लागते? अनेक ऑनलाइन संस्था दुसरे करतात, आणि नव्या देशात ओळखी कमी असलेल्या परिचारिकेचे एखादे सत्र त्यातच वाया जाऊ शकते. फी थोडी जास्त असली तरी जागा ठरवून देणारी संस्था परवडते. शिवाय अभ्यासक्रमाला राष्ट्रीय मान्यता हवी, आणि आपण राहतो त्या राज्यातील विद्यार्थी घेण्याची संस्थेला परवानगी हवी.

दोन परीक्षा

फॅमिलीसाठी दोन मंडळे परीक्षा घेतात, एएएनपीसीबी आणि एएनसीसी, आणि कोणतेही प्रमाणपत्र सर्व राज्यांत चालते. पहिलीत १५० प्रश्न आणि तीन तास असतात, त्यांतील १३५ प्रश्नांचेच गुण धरतात. भर जवळजवळ पूर्ण निदान आणि उपचारांवर. दुसरीत १७५ प्रश्न, साडेतीन तास, गुण १५० प्रश्नांचे; तिच्यात संशोधन, धोरण आणि व्यावसायिक जबाबदाऱ्या यांचे प्रश्नही येतात, आणि चित्रावर खूण करणे, जोड्या लावणे असे प्रकारही असतात. अनुत्तीर्ण झाल्यास पहिलीसाठी १५ तासांचे अतिरिक्त शिक्षण घेऊन पुन्हा बसता येते, पण एका कॅलेंडर वर्षात दोनच प्रयत्न मिळतात. दुसरीत ६० दिवस थांबावे लागते आणि बारा महिन्यांत तीन प्रयत्न मिळतात. दोन्ही प्रमाणपत्रे पाच वर्षांची असतात. लांबलचक इंग्रजी उतारे वाचताना ज्यांचा वेळ जातो त्यांना पहिली सोयीची पडते, असे मला वाटते. ॲक्यूट केअरवालीला एएएनपीसीबीचा पर्याय नाही. तिला एएनसीसी किंवा क्रिटिकल केअर परिचारिकांच्या संघटनेचे मंडळ यांतून निवडायचे असते. या संघटनेचे आणि वर आलेल्या महाविद्यालयांच्या संघटनेचे लघुरूप एकच, एएसीएन, असल्याने अर्ज भरताना संकेतस्थळ दोनदा पाहावे.

परीक्षेनंतर राज्याचा परवाना येतो, आणि येथे राज्याराज्यांत फार अंतर आहे. ॲरिझोनात नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे काम करू शकते. टेक्सासात औषधे लिहिण्यासाठी डॉक्टरबरोबर करार लागतो. त्यानंतर नियंत्रित औषधांसाठी डीईए या केंद्रीय यंत्रणेकडे नोंदणी, रुग्णालयाची पडताळणी आणि विमा कंपन्यांच्या यादीत नाव, एवढे सगळे होईपर्यंत पदवी हातात पडून काही महिने सहज जातात. तोपर्यंत आरएनची नोकरी सोडू नये, आणि व्हिसा त्या नोकरीवर अवलंबून असेल तर पद बदलण्याआधी वकिलाशी बोलून घ्यावे.