‘रन’ या शब्दासाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश

शिकवणीला येणाऱ्या मुलांना ‘रन’ म्हणजे धावणे एवढंच पाठ असतं. मग नाक ‘रन’ होतं, कापडाचा रंग ‘रन’ होतो, दुकान ‘रन’ केलं जातं, आणि मुलं गोंधळतात. अशा वेळी मी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची ऑनलाइन आवृत्ती उघडते.

१९८९च्या वीस खंडी दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. सुधारित आवृत्तीत ‘रन’ने तिला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ! पण खरी मजा आकड्यात नाही. प्रत्येक अर्थाखाली जुन्यापासून नव्यापर्यंत सालवार उताऱ्यांची रांग असते, त्यामुळे अर्थ कसा सरकत गेला हे डोळ्यांसमोर दिसतं. जोडशब्दांत तर मी हरवूनच जाते. ‘रनवे’ विमानांच्या आधी हरणांची नेहमीची वाट होती. ‘रन-डाउन’ म्हणजे मोडकळीला आलेलं, आणि थोडक्यात घेतलेला आढावासुद्धा. ठेवीदार एकाच वेळी पैसे काढायला धावले की तो बँकेवरचा ‘रन’.

नवशिक्याने मात्र इथून सुरुवात करू नये. नोंद इतकी लांबलचक आहे की हवा तो अर्थ शोधताना दमछाक होते. रोजच्या कामाला विद्यार्थ्यांसाठीचा छोटा कोश बरा. ऑक्सफर्डच्या या मोठ्या कोशाला वर्गणीही लागते, तेव्हा आधी आपल्या ग्रंथालयाकडे ती आहे का ते विचारा. इंग्रजी शिकवणाऱ्यांनी आणि अनुवादकांनी मात्र हा कोश हाताशी ठेवावाच.