जुन्या पट्टीत २० वॅटची एलईडी ट्यूब: आठ महिन्यांचा वापर

चार फुटी पट्टीतली ४० वॅटची ट्यूब काढून २० वॅटची एलईडी लावली, त्याला आठ महिने झाले. जुन्या ट्यूबवर ४० लिहिलेलं असलं तरी तांब्याचा चोक (ट्यूबचा करंट आवरणारी पट्टीतली गुंडाळी) वर १२ ते १५ वॅट खातो, त्यामुळे मीटरवर साधारण ५५ पडतात. फरक ३५ वॅटचा. रोज पाच तास धरले तर वर्षाला ६४ युनिट. पडताळायचं असेल तर फ्रिजसकट बाकी सगळं बंद करून मीटरचा लाल दिवा बघा. ३२०० इम्पल्सच्या, म्हणजे एका युनिटला ३२०० वेळा लुकलुकणाऱ्या मीटरवर जुन्या ट्यूबला तो साधारण २० सेकंदांनी लुकलुकतो, एलईडीला ५६ सेकंदांनी.

खरा घोळ जोडणीत होतो. एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा मेन स्विच) पाडा, टेस्टर लावून बघा, स्टार्टर काढा आणि चोक वायरिंगमधून बाजूला करा. तांब्याचा चोक राहिला तर एक-दोन वॅटच जातात, पण इलेक्ट्रॉनिक चोक राहिला तर ट्यूबचा ड्रायव्हर (आतलं वीज पुरवणारं सर्किट) जळू शकतो. मग ट्यूबवरचं लेबल नीट वाचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाला द्यायचे असतील, तर तेच टोक त्या होल्डरमध्ये गेलं पाहिजे. उलटी बसली आणि दुसऱ्या टोकाच्या पिना आतून जोडलेल्या असल्या, की बटण दाबताच एमसीबी पडतो. दोन टोकांना सप्लाय घेणारी ट्यूब चालू लाइनवर कधीच बसवू नका: एक टोक होल्डरमध्ये असताना दुसऱ्या पिनेला हात लागला तर शॉक बसतो.

बटण बंद करूनही ट्यूब मंद उजळत राहिली तर बहुधा बटणावर फेजऐवजी न्यूट्रल आलेला असतो. वायरमनकडून बटणावर फेज आणून घ्या. बटणातच इंडिकेटर असेल तरीही असं होतं.

उजेड खाली भरपूर पडतो, पण छत आणि भिंतीचा वरचा भाग आधीपेक्षा अंधारा वाटतो, कारण एलईडी एकाच बाजूला प्रकाश टाकते. स्वयंपाकघरात ओट्यावर हे फायद्याचंच ठरतं. बैठकीच्या खोलीत मात्र ६५०० केल्विनचा निळसर पांढरा डोळ्यांवर येतो, तिथे कमी निळसर, ४००० केल्विनची घ्यावी. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की जुनी ट्यूब नुसती फडफडायची; ही लगेच लागते.

घेताना सर्ज संरक्षण (व्होल्टेजच्या अचानक झटक्यापासून बचाव) ४ किलोव्होल्टचं आहे का बघा आणि बिल जपून ठेवा. काढलेली ट्यूब फोडू नका, आत पारा असतो. ती अख्खीच ई-कचऱ्यात द्या.