ईमेल न्यूजलेटरची सर्व्हिस 8 महिने वापरली: बिलावर भांडले, पण तळातल्या पत्त्याने गिऱ्हाईक आणलं

बँकेचा मेसेज आला तेव्हा मी वावरात होते. हळद काढणं चालू, हात मातीने भरलेले, तरी पदराला पुसून मोबाईल पाहिला तर उद्या तुमच्या खात्यातून 1,184 रुपये कापले जातील. ऑटोडेबिटच्या 24 तास आधी कळवायचं हा रिझर्व्ह बँकेचा नियम 2021 पासून आहे म्हणून निदान कळलं तरी. माझी अर्धा किलो हळदीची पुडी 200 रुपयाची. म्हणजे सहा पुड्या निव्वळ या न्यूजलेटर सर्व्हिसच्या बिलात, त्यात शिजवणं वाळवणं दळणं काहीच धरलं नाही.

आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातले, वायगावच्या शेजारचे. वायगावच्या हळदीला 2016 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तेव्हापासून शहरातले लोक नाव घेऊन विचारतात. मी हळदीवर, घरच्या मसाल्यांवर, कास्तकारीवर लिहिते आणि वाचणारे बरेच आहेत. पण "ताई छान लिहिलं" म्हणून लोक निघून जात, पुडी कोणी घेत नव्हतं, म्हणून ऑगस्टमध्ये ही सर्व्हिस घेतली, नाव नोंदवलेल्या सगळ्यांना एकदम मेल पाठवणारी. 500 नावांपर्यंत फुकट होती. व्हॉट्सॲप ब्रॉडकास्ट काहून नाही असं सगळे विचारतात. एका यादीत 256 जण बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला त्यालाच मेसेज जातो. वाचणारा कशाला अनोळखी बाईचा नंबर सेव्ह करेल?

पहिले दोन महिने वायाच गेले. पाठवणाऱ्याच्या जागी माझा रोजचा जीमेल टाकला होता, मेल सर्व्हिसच्या मशीनवरून जाणार आणि नाव जीमेलचं, त्यामुळे बहुतेक मेल स्पॅममध्ये. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने पाठवणारा खरा कोण ही तपासणी लय कडक केली आहे. सपोर्टवाल्यांनी दोनदा तेच छापील उत्तर पाठवलं. शेवटी हिंगणघाटला पॉलिटेक्निकला जाणाऱ्या भाच्याने स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं आपलं नाव, घ्यायला लावलं आणि मेल खरंच आपलाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तीन नोंदी करून दिल्या, तेव्हा गाडी रुळावर आली. हे ज्याने केलं नाही त्याने बाकीचं काहीच करू नये, आधी हेच.

दुसरी अडचण अशी की नाव नोंदवल्यावर "खरंच तुम्हीच का" म्हणून जो मेल जातो तो इंग्रजीत होता, लोक तो उघडून तसाच सोडत. मी तिथे मराठीत लिहिलं, "खालच्या पिवळ्या बटणावर एकदा दाबा, मग हळदीची परीक्षा कशी करायची ते पान लगेच येईल." त्या पानात एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेची, साधी रीत आहे. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकायची, ती तळाशी बसताना पाणी फिकट पिवळं राहिलं तर ठीक, गर्द पिवळं झालं तर रंग मिसळलेला. हे पान दिल्यापासून नावं भराभर वाढली. किती जणांनी मेल उघडला तो आकडा मात्र मी पाहणं सोडलं, मेलमधल्या लपलेल्या चित्रावरून तो मोजतात आणि ॲपलच्या फोनमध्ये ते चित्र माणसाने मेल न उघडताही लोड होऊ शकतं. मी फक्त उत्तर कोणी दिलं आणि लिंक कोणी दाबली तेवढं पाहते.

आता बिलाचं. यादी 512 झाली म्हणून पैसे लागले. त्यात नीट पाहिलं तर 141 जण असे की एकतर नाव काढून गेलेले किंवा बटण दाबलंच नाही असे. ज्यांना मेल पाठवताच येत नाही त्यांचेही पैसे! सपोर्टला लिहिलं, दोन दिवसांनी उत्तर आलं की आमची पद्धत अशीच आहे, पैसे परत नाही. मी परत लिहिलं, परत तेच. गेलेल्या गिऱ्हाइकाच्या नावाने दुकानदार कधी भाडं घेतो का? हे मला आजही पटलेलं नाही, आणि त्या दिवशी सर्व्हिस बंदच करणार होते.

पण त्याच आठवड्यात जे झालं त्याने मत बदललं. प्रत्येक मेलच्या तळाशी खरा टपालाचा पत्ता टाकावाच लागतो, अमेरिकेचा 2003 चा कॅन-स्पॅम कायदा आहे, त्यामुळे सर्व्हिस पत्ता टाकल्याशिवाय मेल जाऊच देत नाही. तेव्हा घरात वाद झाला होता. सासूबाई म्हणाल्या, "जगाले घराचा पत्ता काहून वाटून राहिली वं?" मलाही भीती होतीच. तरी टाकला, मु. पो. पासून पिनकोडपर्यंत.

फेब्रुवारीत कढईवर हळद शिजत होती, सगळं अंगण वाफेने भरलेलं, आणि दारात गाडी थांबली. नागपूरचे काका-काकू, हैदराबादले चालले होते, जाम चौरस्त्यावरून आत वळले. "ताई, तुमच्या मेलखाली पत्ता दिसला, म्हटलं खरंच घर हाये का पाहून यावं." सासूबाईंनीच त्यांना बाज टाकून दिली, चहा केला. काकूंनी वाळवणातलं हळकुंड उचलून मोडून पाहिलं, आतला नारिंगी रंग पाहून नवऱ्याला दाखवला, आणि पाच किलो सांगून गेल्या. नंतर साताऱ्याहून आंतरदेशीय पत्र आलं, मेलचा पत्ता उतरवून लिहिलेलं, दोन किलो पाहिजे म्हणून. मग मी फोनवर घेणाऱ्यांना विचारायला लागले की पहिली पुडी घ्यायचं कशावरून ठरवलं. बरेच जण म्हणाले, गाव आणि पिनकोड दिसला म्हणून. "आता खरेदी करा"च्या त्या मोठ्या बटणावर मी आठवडाभर डोकं लावलं होतं, त्याचं नाव एकानेही घेतलं नाही.

आता पत्ता तळाच्या बारीक अक्षरातून वर आणला आहे, माझ्या नावाखालीच, आणि सोबत एक ओळ, "याच मेलला उत्तर द्या, मीच वाचते." उत्तरं येतात, कोणी हळदीचं लोणचं विचारतं, कोणी बेणं मागतं. 371 खऱ्या नावांपैकी 64 जणांनी निदान एकदा हळद घेतली, 19 जणांनी परत घेतली. त्या 19 मध्ये नागपूरच्या काकू आहेत.

ती 141 नावं मी यादीतून काढली तर प्लॅन परत फुकटात आला, म्हणजे उपाय माझ्याच हातात होता आणि सपोर्टने तो दोन्ही मेलमध्ये सांगितला नाही. कोणी ही सर्व्हिस घेत असेल तर दर महिन्याच्या बिलाआधी यादी साफ करा. नावं खरंच 500 च्या वर गेली तर पैसे भरीन, पण फक्त हळद घरात असेल त्या महिन्यांचे. पावसाळ्यात माल संपला की प्लॅन थांबवणार, तशी तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवली आहे.