नाताळासाठी पियानो त्रिकूट: ग्वाराल्डी की रॅम्सी लुईस?

कागदावर पाहिलं तर दोन्ही रेकॉर्ड जवळजवळ सारख्याच. पियानो, बास, ड्रम्स. दोन्ही साठच्या दशकातल्या, दोन्ही तासाच्या खूप आत संपणाऱ्या, दोन्हींत नाताळच्या ओळखीच्या धुना. पियानोवादक व्हिन्स ग्वाराल्डीची 'अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस' १९६५ची, त्याच नावाच्या टीव्हीवरच्या कार्टूनपटासाठीची, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातली. रॅम्सी लुईस ट्रिओची 'साउंड ऑफ ख्रिसमस' १९६१ची, शिकागोची. एकच निवडायची असेल तर बहुतेक जण डोळे मिटून पहिलीकडे वळतात. ती निवड चुकीची नाही, पण घाईची असू शकते.

इतर दावेदार आधी बाजूला काढू. गायिका एला फिट्झजेराल्डची १९६०ची व्हर्व्ह कंपनीची रेकॉर्ड उत्तमच आहे, पण तिथे शब्द आहेत, आणि जेवणाच्या टेबलावर शब्द गप्पांशी भांडतात. शिवाय तिचीच १९६७ची कॅपिटल कंपनीची नाताळची रेकॉर्ड शोधताना हमखास शेजारी दिसते. ती भक्तिगीतांची आहे, स्विंग, म्हणजे जॅझचा डुलता ठेका, शोधायला जाल तर निराश व्हाल. ड्यूक एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न यांनी चायकोव्हस्कीच्या 'नटक्रॅकर'चं १९६०मध्ये केलेलं रूप या सगळ्यांत बुद्धीने श्रेष्ठ, पण ते पार्श्वसंगीत नाही. फुलांचा वॉल्ट्झ तीन मात्रांमधून उचलून चारांत बसवलाय; हे कळायला समोर बसूनच ऐकावं लागतं. आपला प्रश्न घरात, माणसांच्या वावरात वाजणाऱ्या त्रिकुटाचा आहे.

ग्वाराल्डीच्या बाजूने बोलायचं तर पहिलाच ट्रॅक पुरेसा आहे. 'ओ टॅननबाउम' तो आधी एकट्याने, ताल न धरता वाजवतो, आलापासारखा. मग बास आणि ड्रमवर फिरणारे ब्रश येतात आणि तीच धून स्विंगमध्ये चालू लागते. जॅझ म्हणजे धुनेचं नेमकं काय करतात, हे नवख्याला पाच मिनिटांत समजावणारा यापेक्षा सोपा नमुना मिळणं कठीण. 'ख्रिसमस टाइम इज हिअर'ची सुरुवात तर खास आहे. दोन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरसमूह: एफ मेजर सेव्हन, आणि लगेच ई फ्लॅटवरचा सेव्हन्थ. एफला षड्ज धरलं तर हा ई फ्लॅट म्हणजे कोमल निषाद. उजळ सप्तकात पहिल्या दोन पावलांतच कोमल नी येऊन बसतो, आणि त्या धुनेतली सगळी हुरहूर तिथून येते.

आता खटकणारी गोष्ट. हीच धून या रेकॉर्डवर दोनदा आहे. एकदा नुसत्या वाद्यांवर, सहा मिनिटांच्या थोडी वर. आणि एकदा सॅन राफाएलच्या चर्चमधल्या मुलांच्या आवाजात, कार्टूनपटाचा निर्माता ली मेंडेलसनने लिहिलेल्या शब्दांसह, पावणेतीन मिनिटांच्या आसपास. १९६५च्या तबकडीवर ही अडचण नव्हती. वाद्यांची आवृत्ती पहिल्या बाजूच्या शेवटी होती, मुलांची दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला. मध्ये कुणीतरी उठून तबकडी उलटायचं. तो अर्ध्या मिनिटाचा खंड हाच खरा उपाय होता. सीडी आली, मग स्ट्रीमिंग आलं, आणि बाजू उलटणं संपलं. पाचवा आणि सहावा ट्रॅक आता एकमेकांना चिकटून वाजतात: एकच संथ धून, सलग सुमारे नऊ मिनिटं. सातवा 'स्केटिंग' वेगाने जास्त असला तरी पुन्हा तीन मात्रांचाच. म्हणजे मध्यावर सलग तीन वॉल्ट्झ, अकरा मिनिटांच्या वर. 'लायनस अँड लूसी'च्या डाव्या हाताने जी ऊब आणलेली असते, ती इथे बसून जाते. (ती धून मुळात नाताळची नाहीच, १९६४च्या रेकॉर्डवर आधी आलेली आहे. पण ती काढा असं कुणी म्हणणार नाही.)

भर म्हणून सीडीच्या काळात शेवटी 'ग्रीनस्लीव्हज' जोडलं गेलं. दुसरा ट्रॅक 'व्हॉट चाइल्ड इज धिस' हा त्याच जुन्या इंग्रजी धुनेवरचा. म्हणजे आता दोन धुना दोनदोनदा.

सहावा ट्रॅक वगळा, संपलं, असं कुणी म्हणेल. करून पाहा. मुलांचा आवाज गेला की घरातली लहान मुलं आणि ज्यांनी तो कार्टूनपट पाहिलाय ती मोठी माणसं, दोघंही तोच मागतात. पाचवा वगळला तर रेकॉर्डवरची सर्वांत चांगली सहा मिनिटं जातात. त्यातल्या त्यात बरी तोड म्हणजे प्लेलिस्ट करून दोन्ही लांब ठेवणं: पाचवा जागेवर, त्यानंतर थेट 'ख्रिसमस इज कमिंग', मग 'स्केटिंग', आणि मुलांचं गाणं अगदी शेवटी. 'फ्यूर एलिझ' मिनिटभराचं बेथोव्हन आहे, ते चार्ली ब्राऊनच्या गोष्टीसाठी तिथे आहे. ते आणि 'ग्रीनस्लीव्हज' गाळले तर चालतं. एवढी डागडुजी ज्याला करायची आहे त्याने ही रेकॉर्ड जरूर घ्यावी.

लुईसच्या रेकॉर्डला वेगळा दोष आहे, आणि तो जास्त मोठा वाटू शकतो. दहापैकी पाच ट्रॅकवर व्हायोलिनांचा ताफा आहे. संयोजन रायली हॅम्पटनचं. एटा जेम्सच्या 'अॅट लास्ट'ला तंतुवाद्यांची जी मखमल आहे, तीही त्याचीच. गायिकेच्या मागे ती मखमल शोभते. पियानोच्या मागे ती जागा अडवते. लुईसचा उजवा हात जिथे दोन वाक्यांमध्ये श्वास घेतो, नेमक्या तिथे लांब स्वर येऊन बसतात. पण हे सगळं एका बाजूला आहे, शब्दशः. मूळ तबकडीची पहिली बाजू म्हणजे पहिले पाच ट्रॅक निव्वळ त्रिकुटाचे, दुसरी बाजू तंतुवाद्यांसह. पाचव्यानंतर थांबलं की झालं. काही हलवावं लागत नाही, कुणी रुसत नाही. मला तरी हा दोष सोसायला सोपा वाटतो.

आणि त्या पाच ट्रॅकमध्ये काय आहे? 'मेरी ख्रिसमस बेबी' हा बारा बारांचा (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) ब्लूज, चार्ल्स ब्राऊनच्या आवाजात १९४७मध्ये गाजलेला. 'विंटर वंडरलँड'. सँटाची दोन गाणी. आणि 'ख्रिसमस ब्लूज'. लुईस चर्चच्या पियानोवर वाढलेला वादक. कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर घसरणारा कण तो इतक्या सहज घेतो की बाळबोध धूनही पिकून येते. एल्डी यंगचा बास आणि रेड होल्टचे ड्रम्स दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वजन टाकतात. हात आपोआप टाळी देऊ लागला तर ती तिथेच द्या. पहिल्या-तिसऱ्यावर, म्हणजे भजनाच्या सवयीने दिलीत, तर सगळं जड वाटेल आणि दोष वादकांचा वाटेल.

दोघांची समोरासमोर परीक्षा घ्यायची सोय आहे, कारण 'द ख्रिसमस साँग' दोन्हींवर आहे. मेल टॉर्मे आणि बॉब वेल्स यांचं १९४५चं गाणं, पहिल्या दोन स्वरांतच षड्जावरून तार षड्जावर उडी. ग्वाराल्डी ही उडी हळुवार घेतो आणि पुढे भरपूर मोकळी जागा सोडतो. लुईसकडे ती तंतुवाद्यांच्या गादीवर पडते. इथे ग्वाराल्डी सरळ जिंकतो. केवळ या एका गाण्यावरून ठरवणारा लुईस कधीच घेणार नाही, म्हणून लुईस तपासायचा तर 'विंटर वंडरलँड'वर तपासा.

ते कसं? धून आधी पाठ हवी. कुणाच्याही साध्या आवाजात दोनदा ऐकून घ्या. बांधणी आठ-आठ बारांच्या चार तुकड्यांची: पहिला, तोच पुन्हा, मग वेगळा, मग पुन्हा पहिला. एकूण ३२ बार, प्रत्येकी चार मात्रा, म्हणजे १२८ मात्रांचं एक आवर्तन. मिनिटाला १६० मात्रांची लय धरली तर ते ४८ सेकंदांत पुरं होतं. पियानोवाला पहिलं आवर्तन धुनेजवळ राहून वाजवतो, नंतर धून सोडतो पण आवर्तन सोडत नाही. ओळखीची बंदिश असली की समेवरची झेप जास्त आनंद देते, तसंच हे. हरवलात तर मूळ धून मनात गुणगुणत राहा. मधला वेगळा तुकडा आला की स्वर बदललेला कानाला जाणवतो आणि जागा सापडते. ब्लूजमध्ये हे आणखी सोपं, बारा बारच मोजायचे. बरेच जण धून न ओळखताच सोलो ऐकायला जातात आणि 'सगळं सारखंच वाटतं' म्हणतात. ते साहजिक आहे.

आवाजाच्या बाबतीत दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी फसतात. लुईसचा सगळा डोलारा बासवर उभा आहे. डबल बासची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झला असते. फोनच्या स्पीकरमधून तो खालचा भाग येतच नाही, आणि पियानो उघडाबोडका ऐकू येतो. छोटा का होईना, भिंतीजवळ ठेवलेला बरा स्पीकर हवा. ग्वाराल्डीला उलट शांतता लागते: ब्रशची सरसर पंख्याच्या आणि रस्त्याच्या आवाजात बुडते, आणि आवाज वाढवला तर मुलांचं गाणं अचानक कानावर येतं. दोन्हींसाठी ॲपमधलं क्रॉसफेड (एका गाण्याचा शेवट पुढच्यात मिसळणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर 'ओ टॅननबाउम'ची एकट्या पियानोची सुरुवात आधीच्या गाण्याच्या शेपटीत अडकते.

एका प्रकारच्या घरासाठी मात्र माझा कल बदलतो. लुईसच्या पहिल्या बाजूवर एकही कॅरोल नाही. बर्फ, सँटा, ब्लूज. येशूचा जन्म कुठेच नाही. 'गॉड रेस्ट यी मेरी जेंटलमेन' आहे, पण तंतुवाद्यांच्या बाजूला. वसईत किंवा बार्देशात गोठा मांडलेल्या खोलीत, मध्यरात्रीच्या मिस्साला निघण्याआधी काही लावायचं असेल, तर ग्वाराल्डीचं 'व्हॉट चाइल्ड इज धिस' आणि मुलांनी गायलेलं 'हार्क! द हेराल्ड एंजल्स सिंग' हे कॅरोल तिथे जास्त शोभेल. ज्या घरात आजोबा चर्चच्या शाळेत सोल्फेज (पाश्चात्य सरगम) शिकले आणि पुढे मुंबईच्या डान्स बँडमध्ये वाजवत राहिले, तिथे मात्र मिस्साहून परतल्यावर, नेवऱ्या आणि दोदोल पुढ्यात असताना, 'मेरी ख्रिसमस बेबी'ला जास्त दाद मिळेल असा माझा अंदाज आहे.

तेव्हा पहिल्यांदाच जॅझकडे वळणाऱ्याने, लहान मुलांच्या घराने, कॅरोलप्रेमींनी ग्वाराल्डी घ्यावा, शक्य असेल तर तबकडीच, म्हणजे ती नऊ मिनिटं आपोआप दुभंगतील. बाकीच्यांनी लुईसची पाव तासाच्या जवळपासची पहिली बाजू दोनदा लागोपाठ लावून पाहावी. दुसऱ्यांदाही कंटाळा येत नाही, आणि माझ्या लेखी हीच कसोटी. शोधताना नाव नीट वाचा: त्याचीच १९६४ची 'मोअर साउंड्स ऑफ ख्रिसमस' वेगळी रेकॉर्ड आहे. ट्रॅकच्या यादीत सगळ्यात वर 'मेरी ख्रिसमस बेबी' दिसली तर हातात योग्य तीच आहे.