‘लाइफटाइम’च्या नावाखाली ७८.९० डॉलरला विकलेलं फुकट सॉफ्टवेअर

‘एकदाच पैसे भरा, आयुष्यभर वापरा.’ या ओळीखाली मला जो फोटो एडिटर विकला गेला, तो गिंप निघाला. १९९६ पासून कुणालाही फुकट मिळणारा तोच गिंप. सुरुवातीचा पडदा बदललेला, विल्बर नावाचा तो तोंडात ब्रश धरलेला प्राणी पुसलेला, वर ‘प्रो’ लावलेलं एक चकचकीत नाव, आणि सुरू करायला २५ अक्षरांची लायसन्स-की.

हिशोब असा: ३९ डॉलर ‘लाइफटाइम लायसन्स’चे. ९.९५ डॉलर ‘डाउनलोड संरक्षण’ नावाच्या काहीतरीचे, ज्याच्या चौकटीत टिक आधीच केलेली असते आणि मोबाइलवर ती चौकट बटणाच्या खाली जाते. ३० व्या दिवशी आणखी २९.९५ डॉलर, ‘अपडेट सदस्यत्व’, दर वर्षी आपोआप. म्हणजे लाइफटाइमच्या पोटात वर्गणीच. एकूण ७८.९०.

‘स्वस्ताच्या मागे लागलं की असंच होतं’ म्हणणाऱ्यांनी आधी वर्गणीचं गणित करावं. अ‍ॅडोबीचा फोटोग्राफी प्लॅन वर्षानुवर्षं महिना ९.९९ डॉलरला होता, वर्षाचे ११९.८८, पाच वर्षांचे ५९९.४०, आणि वर्गणी थांबली की फोटोशॉप बंद. ‘वार्षिक, पण दरमहा भरणा’ असा करार चार महिन्यांनी मोडला तर उरलेल्या आठ महिन्यांच्या ७९.९२ चे निम्मे, म्हणजे ३९.९६ डॉलर दंड. हीच अट ग्राहकांपासून दडवली जाते असा आरोप ठेवून अमेरिकी सरकारने जून २०२४ मध्ये कंपनीवर खटला भरला. तेव्हा एकदाच पैसे भरून मोकळं व्हावं असं वाटण्यात काहीही चुकीचं नाही. या भामट्यांची ३९ डॉलर किंमतही बघा, त्या दंडापेक्षा ९६ सेंट कमी. योगायोग असेल.

आता ती जागा, जिची सगळ्यात जास्त चीड येते. जाहिरातीत ‘स्वतःचं रॉ इंजिन, सर्व कॅमेऱ्यांसाठी’ असं ठळक लिहिलेलं. कॅनॉनची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल, उघडायला दिली की एक करडी चौकट येते: ही फाइल उघडायला रॉ लोडर इन्स्टॉल केलेला नाही, डार्कटेबल किंवा रॉथेरपी चालेल. हा संदेश गिंपचाच आहे. गिंप स्वतः रॉ उघडत नाही, काम या दोघांपैकी एकाकडे सोपवतो. लोगो पुसायला भामट्यांना वेळ मिळाला, पण ही एक ओळ तशीच राहिली. विकतच्या एडिटरने दुसऱ्याचं फुकट सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायला सांगावं! ती चौकट दिसली की तिथेच थांबायचं, स्क्रीनशॉट काढायचा आणि पैसे परत मागायचे. ‘नवीन कॅमेऱ्याचा सपोर्ट पुढच्या अपडेटमध्ये येतोय’ हे त्यांच्या सपोर्टचं उत्तर छापील असतं. पण कॅमेऱ्याचा सपोर्ट उशिरा येणं ही या क्षेत्रात नेहमीचीच गोष्ट आहे, त्यामुळे जाणकारालाही ते पटतं. लबाडी नेमकी तिथेच आहे.

दुसरी खूण सेव्ह करताना. कंट्रोल-एस दाबलं की फाइल फक्त एक्ससीएफ प्रकारात, जेपीईजीसाठी वेगळं एक्सपोर्ट. एवढ्यावरून मात्र शिक्का मारू नका, कारण अ‍ॅफिनिटी नावाचा दुसरा एडिटरही सेव्ह आणि एक्सपोर्ट वेगळे ठेवतो. एक्ससीएफ हे नाव मात्र गिंपचंच. खात्री इन्स्टॉल झालेल्या फोल्डरमध्ये होते. तिथे नावात लिबगिंप, लिबगेगल, लिबबॅबल असलेल्या डीएलएल फाइली (प्रोग्रामचे आतले सुटे भाग) दिसल्या की विषय संपला. इंजिन तेच आहे. अ‍ॅपडेटा या विंडोजच्या फोल्डरमधल्या रोमिंगमध्येही ‘गिंप’ नावाचं फोल्डर पडलेलं असतं, तेही या लोकांनी बदललेलं नव्हतं. विकत घेण्याआधी ट्रायल मिळत असेल तर हीच तपासणी तेव्हाच करा. ट्रायल मिळतच नसेल तर पान बंद करा.

कायद्याचा पेच असा की गिंप विकणं हा गुन्हा नाही. ते जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली आहे, आणि जीपीएल पैसे घ्यायला मनाई करत नाही. ‘फुकटचं विकलं’ एवढीच तक्रार घेऊन गेलात तर पहिल्याच टेबलावर परत पाठवतील. मनाई आहे ती लायसन्सचा मजकूर काढून टाकायला, सोर्स कोड द्यायला नकार द्यायला आणि वर स्वतःच्या अटी लादायला. ‘एकाच कॉम्प्युटरवर चालेल’ सांगणारी ती २५ अक्षरांची की म्हणजेच अशी लादलेली अट. पण त्याबद्दल भांडायचा हक्क मुख्यतः गिंप लिहिणाऱ्यांचा. आपल्या हातात राहतो तो खोट्या वर्णनाचा मुद्दा: ‘स्वतःचं रॉ इंजिन’ म्हणाले, दिलं नाही. तोच धरून बसायचं.

आणि हे समजावून सांगायचं कुणाला? बँकेच्या हेल्पलाइनवर पहिला प्रश्न, ‘ओटीपी तुम्हीच टाकला ना?’ हो म्हटलं की, ‘मग व्यवहार तुमच्या संमतीने झाला,’ आणि तक्रार बंद. संमती कशाला होती हे विचारायची पद्धतच नाही. पेमेंट गेटवे म्हणतो विक्रेत्याशी बोला. विक्रेता म्हणतो डाउनलोड झाल्यावर परतावा नाही. सायबर तक्रारीच्या फॉर्मवर ‘ओटीपी चोरला’, ‘लिंकवर क्लिक केलं’, ‘खातं हॅक झालं’ यांच्यासाठी रकाने आहेत. वस्तूच खोटी निघाली यासाठी रकाना नाही. ‘इतर’ निवडलं की फोन येतो आणि समोरचा विचारतो, ‘सॉफ्टवेअर चालतंय का?’ चालतंय. ‘मग फसवणूक कसली?’ ग्राहक तक्रारीला विक्रेत्याचा नोंदणीकृत पत्ता लागतो, आणि साइटवर फक्त एक संपर्क-फॉर्म. रक्कम किरकोळ आहे असंही ऐकवतात. किरकोळ रक्कम हजारो लोकांकडून घ्यायची हाच तर धंदा आहे, आणि प्रत्येक टेबलावर ‘किरकोळ’ म्हणून तो सुटतो!

बँकेशी बोलताना ‘फ्रॉड’ हा शब्द वापरूच नका. व्हिसाच्या नियमात कार्ड समोर नसताना झालेल्या फ्रॉडचा कोड १०.४ आहे. तिथे ओटीपी टाकलेला असला की दावा सहसा टिकत नाही. तुम्हाला हवा तो १३.३, वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. मुदत साधारण १२० दिवसांची. जाहिरातीचं पान पीडीएफ करून ठेवा, कारण ते दुसऱ्या दिवशी बदलतं. त्या करड्या चौकटीचा स्क्रीनशॉट जोडा आणि विक्रेत्याला लेखी परतावा मागितल्याचा मेलही. आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीसाठी वेगळा कोड, १३.२, पण त्याला आधी रद्द केल्याचा पुरावा लागतो. रद्द केल्याचा मेल वेळेत गेलेला होता म्हणून २९.९५ परत आले. बाकीचे ४८.९५ अजून ‘तपासात’.

लायसन्स-की विकणाऱ्या साइटींचं थोडक्यात: फोटोशॉपचं ‘लाइफटाइम अकाउंट’ म्हणून ईमेल आणि पासवर्ड देत असतील, तर ती कुठल्यातरी संस्थेच्या करारातली जागा असते. तिथल्या अ‍ॅडमिनने नाव काढलं की संपलं. खऱ्या कंपन्यांचं ‘एकदाच’ सुद्धा वाचून घ्या. लाइटरूम ६ एकदाच विकत मिळायचं, पण त्याचं शेवटचं अपडेट डिसेंबर २०१७ चं. त्यानंतरच्या कॅमेऱ्यांच्या रॉ फाइली त्यात उघडत नाहीत, आधी फुकटच्या डीएनजी कन्व्हर्टरमधून डीएनजी या दुसऱ्या रॉ प्रकारात बदलून घ्याव्या लागतात. फोटोशॉप एलिमेंट्स एकरकमीच आहे, पण २०२५ च्या आवृत्तीपासून तीन वर्षांपुरतं.

खरं स्वस्त हवं असेल तर पैसे न देताच काम होतं. रॉसाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी. डार्कटेबलमध्ये फोटो पहिल्यांदा मळका, सपाट दिसतो आणि लोक तिथेच सोडून देतात; कॅमेऱ्याच्या जेपीईजीसारखी सुरुवात हवी तर रॉथेरपीतला ऑटो-मॅच्ड कर्व्ह लावा. डार्कटेबलचे बदल शेजारच्या एक्सएमपी फाइलीत असतात, रॉ हलवताना तीही हलवा. रिटचिंगला गिंप ३.०, मार्च २०२५ मध्ये आलं. त्यात बरेचसे फिल्टर नंतर बदलता येतात, जुन्या २.१० मध्ये ते लगेच कायमचे बसायचे. ऑक्टोबर २०२५ पासून अ‍ॅफिनिटीही फुकट आहे, फक्त कॅनव्हाचं खातं काढावं लागतं आणि एआयची साधनं पैशांची आहेत. निकॉनवाल्यांना एनएक्स स्टुडिओ, कॅनॉनवाल्यांना डिजिटल फोटो प्रोफेशनल, दोन्ही कंपनीकडूनच विनामूल्य.

गिंप उतरवताना सर्च इंजिनमधल्या जाहिरातीवर क्लिक करू नका, पत्ता स्वतः टाइप करा: गिंप डॉट ऑर्ग. ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलवरच्या जाहिरातीत हाच पत्ता दिसत होता आणि क्लिक नकली साइटवर नेत होता. तिथली इन्स्टॉलर फाइल ७०० एमबीपर्यंत फुगवलेली पासवर्डचोर होती.

आणि कार्ड बदललं की वर्गणी आपोआप थांबेल या भरवशावर राहू नका. कार्ड नेटवर्कची अपडेटर सेवा असते, ती नवा नंबर विक्रेत्याला आपणहून कळवू शकते. बँकेकडून त्या विक्रेत्याचं नाव सांगून स्थायी परवानगीच रद्द करून घ्या, आणि रद्द झाल्याचा क्रमांक लेखी मागा. तोंडी ‘झालं’ म्हणतात, पुढच्या वर्षी पैसे कापले की त्याची नोंद कुणाकडेच सापडत नाही.